अदमास आणि प्रमाण : वाशीम परिसरातील प्राथमिक पाकशिक्षणाचा इतिहास

इतिहासाच्या अभ्यासकास राजाच्या मुदपाकखान्याची माहिती मिळते. शेतकऱ्याच्या चुलीची मिळत नाही. मेजवान्यांची वर्णने काव्यांत आढळतात, निषिद्धानिषिद्धाची चर्चा धर्मग्रंथांत आढळते, धान्यावरील करांचे उल्लेख ताम्रपटांत आढळतात. परंतु आठदहा वर्षांच्या मुलीने चुलीपुढे बसून पहिली भाकरी कशी थापली, तिला ती कोणी व कोणत्या शब्दांत शिकविली, आणि ती बिघडली तेव्हा दोष कसा ओळखला, याविषयी लेखी साधने जवळजवळ मूक आहेत. हे मौन केवळ योगायोगाचे नव्हे. जे ज्ञान सर्वांस ठाऊक आहे असे समजले जाते आणि जे स्त्रियांच्या हातून स्त्रियांच्या हाती जाते, ते लिहून ठेवण्याची गरज लेखणी धरणाऱ्या वर्गास भासली नाही. प्रस्तुत लेखात वाशीम जिल्ह्याचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून या प्राथमिक पाकशिक्षणाच्या इतिहासाचा विचार करावयाचा आहे.

वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १९९८ साली अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. तथापि ही घटना सर्वस्वी नवी नव्हती. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात 'बासीम' या नावाचा वेगळा जिल्हा होता व तो १९०५ मध्ये मोडण्यात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा हे आजचे तालुके मिळून होणारा हा प्रदेश अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पूर्वेकडील पठारावर वसला आहे. काळी जमीन, कापूस, ज्वारी व तूर ही येथील दीर्घकालीन कृषिजीवनाची ओळख होय. येथील स्वयंपाकाचा विचार या जमिनीस सोडून करता येत नाही.

१. ताम्रपटातील मीठ आणि दूध

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. प्राकृतातील 'वच्छोमी' ही रीती याच नगराच्या नावावरून ओळखली गेली, व राजशेखराने 'कर्पूरमंजरी'त तिचा उल्लेख केला आहे. या शाखेतील राजा द्वितीय विंध्यशक्ती याचा, त्याच्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षी दिलेला ताम्रपट वाशीम येथे मिळाला. त्याचा बराचसा भाग प्राकृतात आहे. नांदीकड, म्हणजे आजचे नांदेड, त्याच्या परिसरातील एक गाव ब्राह्मणांस दान दिल्याचे त्यात नमूद आहे.

दान दिलेल्या गावास ज्या सवलती मिळाल्या त्यांची यादी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मिठासाठी जमीन खणण्याचा आणि मद्य आंबविण्यासाठी लागणाऱ्या किण्वाचा राजाधिकार तेथे चालणार नव्हता. सोने व धान्य यांच्या रूपाने देणे द्यावयाचे नव्हते. फुले व दूध घेतली जाणार नव्हती. ज्या गोष्टींची सूट दिली गेली त्या इतर गावांकडून घेतल्या जात असत, हे यावरून उघड होते. म्हणजे गावच्या चुलीवर काय शिजेल हे ठरविण्यात राजसत्तेचा हात मीठ, धान्य व दूध या तिन्ही ठिकाणी पोहोचत होता. परंतु त्या मिठाचे पुढे काय होई, ते अन्नात केव्हा व किती घातले जाई, हे ताम्रपटाच्या कक्षेबाहेरचे होते. शासनाचा लेख भांडाराच्या दाराशी थांबतो. स्वयंपाकघराचा उंबरठा तो ओलांडत नाही.

यानंतरच्या काळात पाकक्रियेचे तपशील देणारा महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास'. बाराव्या शतकातील या संस्कृत ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात अनेक पदार्थांची कृती येते. परंतु तो राजाच्या उपभोगांचा ग्रंथ आहे. पदार्थ कसा सिद्ध होतो हे त्यात सांगितले असले तरी नवशिक्यास तो शिकविणे हा त्याचा हेतू नाही.

२. आरोगणा, आचार आणि निषेध

तेराव्या शतकात महानुभाव वाङ्मयाने ही मर्यादा काही अंशी ओलांडली. 'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधरांच्या भोजनास 'आरोगणा' असे म्हटले आहे. ईश्वरावताराची प्रत्येक कृती स्मरणीय मानल्यामुळे कोठे आरोगणा झाली, कोणी अन्न आणले, बाइसांनी काय सिद्ध केले, अशा साध्या गोष्टी ग्रंथात आल्या. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात तर प्रभू घरोघरी जाऊन, जातिभेद न मानता, समोर येईल ते अन्न सेवन करतात. वऱ्हाडातील सामान्य घरांचे स्वयंपाकघर मराठी गद्यात येथे इतक्या लवकर दिसते, ही गोष्ट अभ्यासकांनी ध्यानात ठेवावयास हवी. मात्र येथेही पदार्थाचे नाव येते, प्रसंग येतो. पाकाची रीत येत नाही. ती ऐकणाऱ्यास ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते.

वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे गाव या बाबतीत आणखी दोन परंपरांचे केंद्र आहे. दत्तसंप्रदायात ते श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान मानले जाते. 'गुरुचरित्रा'तील आचारधर्माच्या अध्यायांत भोजनासंबंधी नियम येतात. त्याच कारंजात दिगंबर जैनांची भट्टारकपीठे व समृद्ध हस्तलिखित भांडारे होती आणि तेथील अपभ्रंश ग्रंथ विसाव्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांनी प्रकाशात आणले. पाणी गाळून घेणे, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे, कंदमुळे वर्ज्य करणे हे जैन गृहाचार स्वयंपाकाची वेळ, साहित्य व क्रम यांवर थेट परिणाम करणारे होते. अशा घरात शिकणाऱ्या मुलीचा पहिला धडा अन्न शिजविण्याचा नसून पाणी गाळण्याचा असे, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

या दोन्ही परंपरांत एक साम्य आहे. काय खावे, केव्हा खावे, कोणाच्या हातचे खावे याचे नियम लिहिले गेले. कसे शिजवावे हे हातावर सोडले गेले.

३. चुलीपुढील अभ्यासक्रम

लेखी साधनांच्या अभावी ही शिकवण समजून घ्यावयाची तर पदार्थाची घडण आणि त्याभोवतीची भाषा यांकडेच वळावे लागते. हाताच्या ज्ञानाचे अवशेष भाषेत राहतात.

वऱ्हाडी स्वयंपाकाचा पाया ज्वारीची भाकरी होय. गव्हाच्या कणकेत पाण्याने चिकटपणा धरणारे द्रव्य असते, त्यामुळे पोळी लाटता येते. ज्वारीच्या पिठात ते नसते. म्हणून भाकरीस कढत पाणी लागते. त्या उष्णतेने पिठातील पिष्ट फुलते व पीठ एकत्र धरते. पीठ परातीत किंवा काठवटीत तळव्याने रगडून मळावे, गोळा कोरड्या पिठावर ठेवून बोटांनी कडेकडेने थापावा, तापलेल्या तव्यावर टाकून वरच्या अंगास पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकू लागताच उलटावी, आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर उभी करून शेकावी, अशी ही क्रिया आहे. सांगावयास पाच वाक्ये पुरतात. हाती येण्यास महिने लागतात.

याचे कारण असे की प्रत्येक पायरीचे माप इंद्रियांत आहे. पाणी किती कढत, तर हातास चटका बसेल पण सोसेल इतके. तवा किती तापलेला, तर पाण्याचा शिंतोडा पडताच चुर्र होऊन उडेल इतका. पीठ किती मळावे, तर बोट दाबले असता भेग पडणार नाही इतके. पीठ जुने झाले म्हणजे ते एकत्र धरत नाही. त्यास 'पिठाची विरी गेली' असे म्हणतात. 'विरी' या एका शब्दात धान्याची जात, दळणाचा दिवस आणि पिठाची धारणशक्ती या तिहींचे ज्ञान साठविलेले आहे. त्यास अचूक प्रतिशब्द देणे कठीण आहे.

ही शिकवण नियम सांगून होत नसे, दोष दाखवून होत असे. काठ चिरले तर पाणी कमी पडले किंवा पिठाची विरी गेली. भाकरी फुगली नाही तर थापणे कोठे जाड व कोठे पातळ झाले, किंवा उलटताना वरचा पापुद्रा फाटला. पीठ पांढरे राहिले तर पाण्याचा हात सर्वत्र फिरला नाही. कारण व कार्य यांची ही साखळी कोणत्याही प्रयोगशास्त्रास मान्य होईल अशी आहे. लहान मुलीस प्रथम उरल्यासुरल्या पिठाची 'चानकी' करावयास देत. चानकी बिघडली तरी घराचे अन्न वाया जात नसे. चुकण्यास मुभा देणारी ही पद्धत धान्याच्या टंचाईतून जन्मास आली असली तरी तिच्यात अध्यापनाचे तत्त्व आहे.

यानंतर क्रम येई तो वरण आणि पिठले यांचा. तुरीची डाळ हळद व तेलाचे चार थेंब घालून शिजत ठेवावी, डाळ मऊ झाल्यावर मीठ घालावे, हा सर्वत्र आढळणारा संकेत. परंतु वाशीम परिसरात डाळ शिजणे हा पाण्याचाही प्रश्न होता. काळ्या पाषाणातील काही विहिरींचे पाणी जड असते. त्यातील क्षारांमुळे डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारे द्रव्य विरघळत नाही आणि डाळ कितीही वेळ ठेवली तरी कणी राहते. कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते हे नवशिक्या मुलीस ठाऊक असावे लागे. भूजलशास्त्राचा हा धडा डोक्यावरच्या घागरीबरोबर मिळे. त्याच विहिरीवर गावातील कोणास पाणी भरण्याची मनाई होती, हाही धडा त्याच वेळी मिळे, हे विसरता येत नाही. मनाई असलेल्या घरांतील मुलीस डाळीच्या पाण्याची निवड करण्याचे स्वातंत्र्यच नव्हते.

पिठल्यात परीक्षा गुठळीची असे. सरावलेला हात उकळत्या फोडणीच्या पाण्यात बेसन भुरभुरत दुसऱ्या हाताने ढवळीत राही. नवशिकीस मात्र बेसन आधी गार पाण्यात कालवून मग ओतावयास सांगत. पाणी कमी केले की त्याचाच झुणका होतो. बेसन घट्ट शिजवून थापले व वड्या पाडून रस्श्यात सोडल्या की पाटवडी होते. एकाच पिठापासून पाण्याच्या प्रमाणानुसार तीन पदार्थ होतात, हे ज्यास कळले त्यास स्वयंपाकाचे एक सूत्र कळले. भरडलेल्या ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर खाणे, त्याच कण्या अंबाडीच्या पाल्यात घालून त्याचा आंबटपणा सौम्य करणे, ज्वारीचे पीठ ताकात आंबवून आंबील करणे हे प्रकार याच सूत्राचे पुढील पाठ होत. गव्हाचे रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजून वरण व वांग्याच्या भाजीबरोबर पंक्तीस वाढणे हा मात्र घरगुती धडा नव्हे. तो शेतातील वा देवस्थानच्या सामूहिक स्वयंपाकाचा व बहुधा पुरुषांच्या हातचा प्रकार आहे.

या स्वयंपाकास सनातन समजण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्वारी मूळची आफ्रिकेतील. ती भारतात प्राचीन काळीच रुजली. ज्या ठेच्यावाचून वऱ्हाडी भाकरीची कल्पना करवत नाही त्यातील मिरची मात्र पोर्तुगीजांच्या आगमनानंतर अमेरिकेतून आली, शेंगदाणाही तिकडचाच. मीठ समुद्रकाठाहून बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून येत असे. बंजारा समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान पोहरादेवी याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात आहे. रेल्वे येण्यापूर्वी मीठ व धान्य यांची वाहतूक करणाऱ्या या समाजाचे येथील चुलींशी किती जवळचे नाते होते हे त्यावरून ध्यानी यावे.

४. छापील पुस्तकाचे आगमन

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांत त्याची गणना होते. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक आले. स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेला हा मोठा संग्रह मराठी गृहिणीच्या हाती लेखणी आल्याचा पुरावा होय. यानंतर मासिकांतील पाककृतींची सदरे, मुलींच्या शाळांतील गृहशास्त्र हा विषय व १९१६ साली स्थापन झालेल्या महिला विद्यापीठासारख्या संस्था यांनी स्वयंपाकास अभ्यासविषयाचा दर्जा दिला.

परंतु मापाचा प्रश्न सुटला नव्हता. शेर, पावशेर, चिपटे, मापटे ही मापे प्रांतोप्रांती भिन्न होती. १९५६ च्या कायद्याने व १९५८ पासूनच्या अंमलबजावणीने दशमान वजने आली, तरी स्वयंपाकघरात तराजू आला नाही. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी व चमचा ही घरोघरी असणारी साधने प्रमाण म्हणून स्वीकारली. नोकरीनिमित्त दूर गावी बिऱ्हाड थाटणाऱ्या, सासू वा आई जवळ नसलेल्या तरुण मुलीस हे पुस्तक आधार वाटले. चुलीपुढे बसून जे वडीलधाऱ्या स्त्रिया सांगत ते आता पान उघडून पाहता येऊ लागले. कुटुंबरचनेतील बदलाची ही ऐतिहासिक खूण आहे.

तथापि छापील पाकग्रंथाची भूमी प्रामुख्याने मुंबई, पुणे, बडोदे, सांगली अशा नगरांची व तेथील लिहित्या समाजांची होती. ज्यांचे रोजचे अन्न ज्वारी, कण्या आणि रानभाजी होते त्यांची चूल त्यात क्वचित दिसे. गावकीच्या वाट्याने मिळालेल्या अन्नावर जगावे लागलेल्या जातींचे स्वयंपाकघर तर फार उशिरापर्यंत कागदावर आलेच नाही. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. स्वयंपाकघरात झालेली ही क्रांती कोणत्याही पाकग्रंथात नोंदली गेली नाही. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ मधील पुस्तकाने वाशीमच्या शेजारील मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यपरंपरेची नोंद केली. ग्रंथाच्या शीर्षकातच पूर्वीच्या सर्व पाकग्रंथांवरील टीका सामावलेली आहे.

अदमास व प्रमाण यांचा हा वाद केवळ सोयीचा नाही. वाटी-चमच्याचे प्रमाण परक्या माणसास उपयोगी पडते, अदमास परिचितास. प्रमाण धान्य, पाणी व जाळ स्थिर आहेत असे मानते. अदमास ती बदलतात असे गृहीत धरून चालतो. म्हणून अदमासास अज्ञान समजणे ही चूक होय. तो बदलत्या स्थितीत निर्णय घेण्याचा अभ्यास आहे.

५. धान्य बदलले, धडा तुटला

या अभ्यासाची कसोटी संकटकाळी लागली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळला. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचा पहिला वाण प्रसृत झाला. पीक वाढले, परंतु 'हायब्रीड'च्या भाकरीस जुन्या ज्वारीची चव व लवचीकपणा नाही अशी तक्रार घरोघरी ऐकू येई. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात परदेशी तांबडी ज्वारी, 'मिलो', व सुकडी वाटली गेली. अनोळखी पिठास ओळखीच्या हातांनी भाकरीचे रूप देणाऱ्या त्या पिढीजवळ पुस्तक नव्हते, अदमास होता.

त्यानंतरचा बदल अधिक मूलगामी ठरला. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाशीम जिल्ह्यातील खरीप शेते सोयाबीनने व्यापली. सोयाबीन हे येथील शेतकऱ्याचे नगदी पीक आहे. ते बाजारात जाते, चुलीवर येत नाही. ज्वारी मागे हटली तशी कडब्याची गंजी, घरची भरड, ताज्या दळणाचे पीठ हीही मागे हटली. स्वस्त धान्य दुकानातून प्रामुख्याने गहू व तांदूळ येऊ लागले. जात्याची जागा गिरणीने आधीच घेतली होती; चुलीची जागा गॅसची शेगडी घेऊ लागली. आर नाहीसा झाला, तेव्हा भाकरी थेट ज्योतीवर फुगविण्याची नवी रीत निघाली. ही रीतही हातांनीच शोधली, हे नमूद केले पाहिजे.

जात्याचे व धुराच्या चुलीचे कष्ट गेले याबद्दल कोणी शोक करण्याचे कारण नाही. पहाटे उठून दळणाऱ्या आणि धुरात डोळे चोळणाऱ्या स्त्रीने या शिक्षणाची जी किंमत मोजली ती फार मोठी होती. ते शिक्षण ऐच्छिक नव्हते, मुलग्यांस ते दिले जात नव्हते, आणि त्यात बोलणी व मार यांचाही वाटा असे. प्रश्न निराळा आहे. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले व ज्वारीचे पोषणमूल्य पुन्हा सांगितले गेले. परंतु धान्य परत आले तरी ते शिजविणारा हात आपोआप परत येत नाही. ज्या मुलीने व ज्या मुलाने चानकी केली नाही त्यास ज्वारीचे पोते निरुपयोगी आहे. चित्रफीत पाहून कृती कळते; पीठ बोटाखाली चिरते आहे की नाही हे चित्रफितीस सांगता येत नाही.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की वाशीम परिसराच्या लेखी साधनांत अन्नाचा उल्लेख प्राचीन काळापासून सापडत असला तरी ती साधने अन्नाचे स्वामित्व व आचार सांगतात, कृती सांगत नाहीत. दुसरा असा की प्राथमिक पाकशिक्षण ही दोषनिदानावर आधारलेली सुसंगत अध्यापनपद्धती होती आणि तिची परिभाषा बोलीत सुरक्षित आहे. तिसरा असा की छापील ग्रंथाने या ज्ञानास व्यापकता दिली, परंतु निवडही केली. त्या निवडीत कोरडवाहू शेतकऱ्याची व गावकुसाबाहेरची चूल गळाली.

यापुढील संशोधनाची दिशा यातून स्पष्ट होते. पदार्थांच्या याद्या पुष्कळ झाल्या. आता विरी, चानकी, आर, कण्या यांसारख्या शब्दांचा तालुकावार कोश हवा. प्रत्येक शब्दाबरोबर तो कोणत्या दोषासाठी वा कोणत्या क्षणी उच्चारला जातो याची नोंद हवी. आणि ही नोंद सर्व जातींच्या घरांतून, सांगणारीचे शब्द न सुधारता झाली पाहिजे. ज्वारीच्या काळात चुलीपुढे शिकलेली पिढी आज वृद्ध झाली आहे. ताम्रपट जमिनीत सोळा शतके टिकतो. हाताचे ज्ञान एका पिढीपेक्षा अधिक काळ वाट पाहत नाही.